उन्हातले कंद

लातूरला आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहतात. लेकीने काश्मीरहून आणलेले आयरिसच्या फुलांचे कंद त्यांनी अंगणात भर उन्हात लावले होते, निम्मे मातीबाहेर. मी माती लोटायला गेले की म्हणायचे, "राहू द्या ताई, ऊन खाऊन राहिलेत ते." फूल कधी आलं नाही.

ते माहूरला गेले तेव्हा टँकरच्या पाण्यातली एक बादली मी रोज त्या कंदांना घातली. माझं शहाणपण. कंद कुजले.

परतल्यावर त्यांनी एकेक कंद दाबून पाहिला. एकच घट्ट निघाला. तो कुंडीत लावून त्यांनी माझ्याच ओट्यावर आणून ठेवला.

"पाणी घालू नका. मी येत जाईन बघायला."

रोज येतात, तासभर बसतात. कुंडीकडे बघायचं राहूनच जातं.