गाडीवर दावा कोणाचा

“दावा हाय ना,” रेखाताई म्हणाल्या. “त्याईचाच हाय. रोजचा.”

माझा पेन थांबला. इंद्रवेल्लीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं घर. भर दुपार, पत्र्याचं शेड, आत पांढरी गाडी. गाडीचे मालक म्हणजे रेखाताईंचे यजमान, शाळेत मास्तर होते. अचानक गेले, आणि त्याच गडबडीत गाडीची पॉलिसी संपली. पॉलिसी संपली की नवी देण्याआधी कंपनी गाडीचे फोटो मागते. त्याला इन्स्पेक्शन म्हणतात. त्यासाठी मी आले होते.

मी मूळची जतकडची. नववीत शाळा सुटली. नवऱ्याच्या कामापायी एवढ्या लांब आदिलाबादला आले, तेव्हा सुधाकर सरांनी आपल्या इन्शुरन्स एजन्सीत ठेवून घेतलं. मार्कशीट मागितली नाही. ते उपकार डोक्यावर आहेत, म्हणून फॉर्म चुकायची धास्ती मला जरा जास्तच.

इथे प्रश्न नो क्लेम बोनसचा होता. वर्षभर गाडीच्या नुकसानीचे पैसे कंपनीकडे मागितले नाहीत, म्हणजे क्लेम केला नाही, की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. वीस टक्क्यांपासून वाढत पन्नासवर थांबते. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्यावर मात्र नाही. एक क्लेम केला की सूट शून्य. पॉलिसी संपून तीन महिने उलटले तरी शून्य. आणि हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी मालकाकडे राहतो. मालक वारला तर वारसाच्या नावावर होऊ शकतो.

मास्तरांचे पन्नास टक्के झाले होते. तीन महिने भरत आले होते. त्यांनी जपून चालवून मिळवलेलं वाया जाऊ नये, एवढंच रेखाताईंचं म्हणणं होतं.

निघताना सरांनी बजावलं होतं, तिकडे क्लेम म्हणू नको, दावा म्हण, निजामापासून सगळ्यांना समजतं. म्हणून मी विचारलं, “गाडीवर दावा तर नाही ना?” त्यावर हे उत्तर.

मग त्यांनी सांगितलं. बॅटरी उतरू नये म्हणून त्या रोज सकाळी गाडी चालू करून बसतात. त्या बुटक्या, म्हणून सीट पुढे ओढतात. दुसऱ्या दिवशी सीट मागे असते. मास्तरांचे पाय लांब होते, बरोबर तेवढी मागे. चावी रेखाताईंच्याच पेटीत.

“मी काऊन खोटं बोलू?” दूध उतू गेलं म्हणून सांगावं, तसं त्या बोलल्या.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. ते म्हणाले, “भाऊबंदाईनं कोर्टात टाकलं असंन. दावा म्हणजे तेच समजल्या त्या. क्लेम केला का, सरळ विचार.”

विचारलं.

“नाही जी, एकबी नाही. ते कोणाले काही मागतच नव्हते. आता तेवढी बसाची जागा मागून राह्यले.”

फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. फोटो काढले. या गाडीचा चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, ड्रायव्हरच्या सीटखाली होता. मी सीट पुढे ओढली. खट्ट करून लॉक बसलं. हलवून पाहिलं, पक्कं. फोटो काढला, दार लावलं आणि समोरच्या काचेतून शेवटचा फोटो घेतला. रेखाताई माझ्या मागेच उभ्या होत्या. मी फोन खिशात टाकला, फोटो परत बघितला नाही.

संध्याकाळी कंपनीतून फोटो तपासणाऱ्या माणसाचा फोन आला.

“मॅडम, दोन फोटो के बीच में गाडी किसने चलाई?”

“किसीने नहीं.”

“फिर सीट पीछे कैसे गई?”

लॉक ढिलं असेल, असं मी सांगितलं. गाडीला ओरखडा नव्हता, म्हणून त्याने पास केलं. वारसाचे कागद सरांनी लावून दिले. पॉलिसी रेखाताईंच्या नावावर झाली, पन्नास टक्के जसेच्या तसे राहिले. कागद द्यायला गेले तेव्हा त्या आनंदाने रडल्या. शेडकडे मी गेले नाही.

तेव्हापासून सर काही म्हणोत, मी क्लेमच म्हणते. फॉर्ममध्ये फक्त कंपनीकडे केलेला दावा विचारतात. दुसरा आपण होऊन विचारू नये.