मास्तरांच्या दोन खिडक्या

मास्तर बोलण्याआधी माणसाला खिडकीतून बघायचे. खिडकी पुठ्ठ्याची. नव्या साडीच्या घडीत येतो ना, तसला पुठ्ठा तळहाताएवढा कापून त्याला मधोमध चौकोनी भोक पाडलेलं. असे दोन पुठ्ठे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असत, एकाला मोठं भोक, दुसऱ्याला लहान. दुकानाच्या पायरीवर कुणी आलं की मास्तर त्यातला एक समोर धरणार, एक डोळा मिटणार, माणसाला नीट चौकटीत बसवणार आणि मग म्हणणार, "या, बसा. काय बघायचंय?" 'काय पाहिजे' असं त्यांनी कधी विचारलं नाही. पहिल्या भेटीत मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी दिसत असावं. मी स्वतः तेव्हा साठीला टेकले होते, पण म्हातारे नेहमी दुसरेच असतात.

दुकान छावणीतल्या बाजारात होतं. एके काळी तो फोटो स्टुडिओ. जवान इस्त्रीचा गणवेश घालून यायचे आणि घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे. ते दिवस सरल्यावर मास्तर कॅमेरे दुरुस्त करत, भाड्यानं देत, आणि कुणी विचारलं तर शिकवतही. त्यावरूनच त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेची पायरी ते फार चढले नव्हते. शाळेत आयुष्य काढलेली मी होते, आणि त्या दुकानात ढ विद्यार्थिनीही मीच.

दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी भूगोलाची शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते आणि मला पक्ष्यांचे फोटो काढण्याचं वेड लागलं होतं. दर रविवारी आमचा एक गट पहाटे जायकवाडीला जायचा. गटाचे म्होरके वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांच्या गळ्यात फुलफ्रेम कॅमेरा, म्हणजे आतला चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला. त्यांचं ठाम मत होतं, "फुलफ्रेम नसेल तर माणसानं मोबाईलवर समाधान मानावं." गट दरवर्षी प्रदर्शन भरवायचा. भिंतीवर मोजके फोटो लागायचे आणि आजवर त्यात एकाही बाईनं काढलेला फोटो लागलेला नव्हता. आदल्या वर्षी माझा फोटो परत आला, सोबत साहेबांची चिठ्ठी: 'आजींचा उत्साह वाखाणण्याजोगा.' ती चिठ्ठी मी देवघराच्या फळीवर ठेवली. रोज दिवा लावताना वाचायची आणि रोज चिडायची. यंदा आपला फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे, एवढं एकच तेव्हा डोक्यात होतं.

मास्तरांकडे जाऊन मी एका दमात सांगितलं, "मला फुलफ्रेम घ्यायचाय. उगाच लहान सेन्सरचं काही दाखवू नका."

मास्तरांनी मला पुठ्ठ्यातून जरा जास्तच वेळ बघितलं. "बाई, तुमाला कॅमेरा पायजे का मान पायजे?"

"दोन्ही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? आणि घरून आणलेली लेन्सही पुढे केली.

"मग आधी भाड्यानं न्या. पण ही तुमची लेन्स लहान सेन्सरची हाय. मोठ्यावर चालायची नाय."

लेन्स माझ्या मुलाची होती, त्यानं हौसेनं घेऊन कपाटात टाकलेली. भाड्याच्या फुलफ्रेमवर ती बसली की झटकन! बसली म्हणजे चालते, असा माझा हिशेब. त्यात अशी लेन्स ओळखून चित्र आपोआप लहान करण्याची सोय कॅमेऱ्यातच होती. ती मी बंद करून टाकली. फुल म्हणजे फुल, काटछाट कशाला? मास्तर बघत होते, पण अडवलं नाही. नंतर म्हणाले, "बाईमाणूस शिकवण्यात मुरलेलं. सांगून कळत नाय, दिसल्यावर कळतं."

आणि दिसलं. जायकवाडीहून आणलेल्या प्रत्येक फोटोचे चारही कोपरे काळेभोर. मधे गोल उजेड आणि त्यात पंख वाळवत बसलेला पाणकावळा. लहान सेन्सरच्या लेन्सचा प्रकाश मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचलाच नव्हता. मास्तर खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "माशाल्ला, बाई! कावळा डायरेक चांदावर बसवलात!"

मीही हसले असते, पण मी तेव्हा फार शहाणी होते. मी म्हणाले, "लेन्स खराब आहे."

मास्तरांनी मला उठवून दाराशी नेलं. समोरच्या कडुनिंबावर एक मैना बसली होती. त्यांनी मोठ्या भोकाचा पुठ्ठा माझ्या हातात दिला. "हात सरळ. काय दिसतं?"

"झाड, आभाळ, तार, मैना."

"आता ही लहान खिडकी. हात तेवढाच लांब."

"फांदी आणि मैना. पण मैना तेवढीच आहे, मास्तर."

"तेवढीच ऱ्हाणार. आता दोन्ही फोटो एकाच मापाच्या कागदावर छापले तर?"

मी लहान खिडकी पुन्हा डोळ्याला लावली. मास्तर गालात हसले. "जगाचा नकाशा अन् गंगापूर तालुक्याचा नकाशा, कागद तेवढाच. लासूर कशात सापडंल, बाई?"

तालुक्याच्याच! तशी लहान खिडकीतली मैनाही कागदावर मोठी दिसणार. तीस वर्षं मी मुलांना नकाशाचं प्रमाण शिकवलं, चुकलेल्यांना बाकावर उभं केलं. त्या दिवशी छावणीच्या भर बाजारात मला कुणीतरी बाकावर उभं करायला हवं होतं.

"मोठी खिडकी वाईट नाय हां," मास्तर पुढे म्हणाले. "कमी उजेडात तिच्यासारखी तीच. लेण्यात जायचं तर मी हीच नेतो. पण तुमचा पक्षी बसतो पाण्यापल्याड. त्याला मोठ्या सेन्सरवर जवळ आणायचं तर तोफेएवढी लेन्स लागंल. थांबा."

त्यांनी खरंच तशी लेन्स लावलेला फुलफ्रेम माझ्या हातात दिला. "डोळ्याला लावा अन् पंधराचा पाढा म्हणा." पंधरा सक नव्वदला माझी मनगटं कापायला लागली, पुढचं तोंडातच राहिलं. मग लहान सेन्सरचा कॅमेरा आणि त्याची बेताची लेन्स दिली. पंधरा दाहे दीडशे म्हणून मी वर सोळाचाही सुरू केला, तेव्हा मास्तरांनीच कॅमेरा काढून घेतला.

तरी माझं तोंड उतरलेलंच. "लोक काय म्हणतील, मास्तर?"

"फोटोत कॅमेरा दिसतो का?" एवढंच बोलून ते चहा सांगायला उठले. मी लहान सेन्सरचा कॅमेरा घेतला.

पुढच्या रविवारी साहेबांनी तो पाहिला आणि चारचौघांत म्हणाले, "अरे वा, आजी अर्ध्या तिकिटावर आल्या!" सगळे हसले. मी काठावर फतकल मारून बसले. दूर चिखलाच्या पट्टीवर नदीसुरयांची जोडी होती. नर चोचीत मासा घेऊन मादीपुढे मान ताठ करून उभा, आणि ती दुसरीकडेच बघतेय. मी कॅमेरा उचलला आणि मनात पाढा सुरू केला. पंधरा साते, पंधरा आठे... हात स्थिर. दीडशेच्या आसपास तिनं मान वळवली, मासा चोचीतून चोचीत गेला आणि माझ्या बोटानं बटण दाबलं. आमचं घर शाकाहारी, पण त्या घटकेला आमच्या ह्यांनीही मला असा मासा कधीतरी द्यायला हवा होता, असं वाटून गेलं.

त्या वर्षी फोटो नावं झाकून निवडले होते. प्रदर्शनात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा छापलेला, माझा नदीसुरय. त्याच्यापुढे उभे राहून साहेब नव्या मुलांना समजावत होते, "बघा, ह्याला म्हणतात फुलफ्रेम! पिसन् पीस मोजून घ्या."

मास्तर माझ्या शेजारी होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून आलेले. त्यांनी खिशातून लहान पुठ्ठा काढला, साहेबांना चौकटीत घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, हा अर्ध्या तिकिटाचा हाय. ह्या बाईंनी काढलाय."

साहेबांचा चेहरा मी फोटो न काढताच जपून ठेवला आहे. माणूस मात्र दिलदार. त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले आणि पुढच्या रविवारी माझा कॅमेरा हातात घेऊन बघायला मागितला. मी दिला. आधी पाढा म्हणायला लावला, मग दिला. घरी आल्यावर देवघरातली ती चिठ्ठी पणतीच्या ज्योतीवर धरली.

काही वर्षांनी मास्तरांनी दुकान बंद केलं आणि ते लासूर स्टेशनला लेकीकडे राहायला गेले. निघताना दोन्ही पुठ्ठे माझ्या हातात दिले. "तिथं बघायला नात हाय. तिला खिडकी लागत नाय." गेल्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला की मास्तर गेले. मी पुठ्ठे काढले, पण ते डोळ्याला लावायचं धाडस त्या दिवशी झालं नाही.

परवा माझी नात पुण्याहून आली. जुन्या बाजारात चांगला डीएसएलआर कॅमेरा मिळतोय म्हणे, फुलफ्रेम घेऊ की क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा? मी लहान पुठ्ठा आधीच हातात घेऊन तयार. विजयी माणसाला आपलीच वाट सगळ्यांची वाटते. मग मास्तर आठवले. मी पुठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, "काय बघायचंय?"

"वेरूळची लेणी. आतला अंधार, आणि अख्खं छत एका फोटोत."

मी निमूटपणे मोठी खिडकी तिच्या हातात दिली.

जुन्या बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात तिनं तो जडशीळ फुलफ्रेम डोळ्याला लावला. मी म्हटलं, "आता पंधराचा पाढा." पोरगी इंग्रजी शाळेतली. पंधरा सक... पंधरा सक... म्हणत तिथंच अडकली. कॅमेरा मात्र तसूभरही हलला नाही.

"घेऊन टाक," मी म्हणाले. "पाढा मी शिकवीन."