चाचांच्या रोज्यातला धूर

मी बुलढाणा-धाड सर्व्हिस मोटार चालवायचो, तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. बॉनेट उघडण्याआधी चाचा मोटारीच्या मागे उकिडवे बसत, धुराच्या नळीजवळ नाक नेत आणि डोळे मिटत. धुराचा रंग आम्हालाही दिसे, वास मात्र त्यांनाच कळे.

रमजानात ते नळीपासून लांब बसत. मुद्दाम धूर ओढला तर रोजा तुटतो, म्हणून त्या महिन्यात माझं नाक कामाला लागे.

"सांग बे, कसा वास येऊन राह्यला?"

"धुराचा, चाचा."

"धुराचा तं हायेच. तळणाचं तेल करपल्यावानी, का कच्च्या पेट्रोलचा?"

बाजाराला निघालेली माणसं टोपल्या मांडीवर घेऊन ताटकळत, पण चाचा माझ्या उत्तराची वाट पाहत. 'करपल्यासारखा' म्हटलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून मान हलवत, 'कच्चा' म्हटलं की प्लग काढत. माझं चुकलं आणि मोटारीचा मालक तडकला, तर शांतपणे म्हणत, "चूक माही, मीच सांगतलं होतं."

ईदेच्या सकाळी चाचा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मोटारीपाशी आले. मी सवयीनं मागे जाऊन बसलो. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या मनगटावर अत्तर चोळलं.

"महिनाभर माह्यासाठी धूर हुंगला तू. आता हे हुंग."

त्या दिवशी मोटार धाडपर्यंत निळा धूर ओकत गेली, असं वाटेतले बैलबंडीवाले नंतर सांगत होते. मला काही वास आला नाही.