पनवेलची दुपारची ड्यूटी

तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर घरात मोठ्याने वाचून दाखवायचो ते फक्त हसायला. कुणाच्या मामाला हडळ दिसते, कुणाच्या काकाला चकवा लागतो... आणि मी पडलो वायरलेसवाला माणूस. वायर जोडली की सिग्नल जातो, तोडली की जात नाही, विषय संपला. आता मीच लिहायला बसलोय — आणि टाईपरायटरवर बोटं इतकी पळतायत की चुका झाल्या तर तुम्हीच सुधारून घ्या.

तर ऐका. पनवेलहून कोन गावाकडे जाताना एक टेकाड लागतं. त्यावर पत्र्याची खोली आणि उंच खांब, ते आमचं स्टेशन. काम काय, तर विमानांना हवा सांगायची. पुण्याला जाणारी डकोटा घाटाकडे वळायच्या आधी आम्हाला वायरलेसवर विचारायची, कर्नाळ्याचा सुळका दिसतोय का? आम्ही खिडकीतून बघायचं. दिसतोय म्हणजे ढग वर आहेत, सरळ जा. नाही दिसत म्हणजे ढग खाली उतरलेत, लांबून जा. हे सगळं बोलणं मोर्समध्ये, म्हणजे आखूड टिंब आणि लांब डॅश यांच्या खुणांत, एका पितळी कीवर टकटक करून.

आता यात एक गंमत आहे. मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा आपापला ‘हात’ असतो, जसा प्रत्येकाचा आवाज असतो तसा. न सांगता ओळखू येतो. माझा हात म्हणजे — शब्दाचा शेवटचा डॅश मी किंचित लांबवायचो, गवई समेवर येताना जरा रेंगाळतो ना, तसा. डकोटावाले ऑपरेटर मला कधी भेटले नव्हते, पण मी की दाबली की लगेच ‘नमस्कार पनवेल’ करायचे. मलाच करायचे!

आणि मग वरून ऑर्डर आली, काटकसर करा. दुपारची ड्यूटी बंद, स्टेशन फक्त सकाळचं, आणि चौघांच्या जागी एकच ऑपरेटर. तो एक कोण? वसंता. का? तर तो माझ्याआधी लागला होता, बस्स. त्याचा हात म्हणजे खडीवरून बैलगाडी. हे सगळे म्हणायचे... बरं, मीच म्हणायचो.

मी बाजारातल्या टायपिंग क्लासात शिकवायला लागलो. वसंता रोज सकाळी क्लासच्या खालून स्टेशनच्या किल्ल्या खुळखुळवत जायचा. मुद्दाम खुळखुळवायचा असं माझं ठाम मत आहे. आई जेवायला वाढताना वसंताच्या आईने काय काय सांगितलं ते सांगायची आणि मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर वसंता वर आला आणि त्याने दार लावून घेतलं.

“दिन्या, सेट कुठे लपवलायस?”

मी म्हटलं, कसला सेट?

“सोंग नको करू. दुपारी मी ट्रान्समीटर बंद करून एस्टीची वेळ होईपर्यंत कानाला हेडफोन लावून पडतो. रोज दुपारी पनवेलच्या नावाने कुणीतरी डकोटाला हवा सांगतंय. हात तुझा आहे. लायसनशिवाय वाजवतोयस, आत जाशील. आणि जाताना माझी नोकरी घेऊन जाशील.”

आईशप्पथ, मला भीती नाही वाटली. राग आला. माझी ड्यूटी गेली ती गेली, आता माझा हात पण कुणी चोरायचा?

“कसा वाजवतो?” मी विचारलं.

वसंता म्हणाला, “तुझ्याहून चांगला.”

दुसऱ्या दिवशी मी क्लासला दांडी मारली आणि दुपारी टेकाडावर गेलो. गणपती झाले होते, पाऊस ओसरलेला, ऊन कडक. फाटकावर कोनचे धर्मामामा होते, आमचे वॉचमन. म्हणाले, “मी बोललो वसंताला, दिनकर हिकडं येत नाय. आला असता तं मना दिसला नसता काय?”

आत वसंताने माझ्यासमोर ट्रान्समीटर बंद केला, खांबावरून येणारी त्याची वायर काढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. “धर. आता कुणी वाजवलंच तर ते इथून नाही.” हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला, एक माझ्या.

डकोटा आली. सुळका दिसतोय का?

आणि उत्तर गेलं. माझ्या हातात वायर, वसंता माझ्या शेजारी... आणि कानात माझाच हात! तोच वेग, तोच शेवटचा लांबवलेला डॅश. ‘सुळका झाकलाय. लांबून जा.’

आम्ही दोघांनी खिडकीतून बघितलं. सुळका उन्हात लख्ख. ढगाचा ठिपका नाही.

“चुकला!” मी ओरडलो. काय आनंद झाला म्हणून सांगू! वायर खोचली, स्विच मारला. वसंता मनगट धरून ओढतोय, तरी मी सेट गरम होईपर्यंत थांबलो आणि की दाबली. ‘पनवेल. सुळका स्वच्छ दिसतोय.’

दाबतानाच कळलं. एक टिंब आखूड, एक लांब, मध्येच अडखळ. पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरासारखं.

डकोटावाल्याने उत्तर दिलं, ‘नवीन आहात का? नेहमीच्या माणसाला बसवा.’

मला! नवीन!

मग त्या दुसऱ्याने, अगदी सावकाश, पुन्हा तेच पाठवलं. झाकलाय, लांबून जा. डकोटाने आभार मानले — त्याचे — आणि लांबून निघाली. थोड्याच वेळात खाडीकडून एक पांढरा लोट आला आणि बघता बघता सुळका गिळून बसला.

वसंता हळूच म्हणाला, “दिन्या, तू तर इथे होतास. मग तो कुठून बघत होता?”

पुढे ते स्टेशन पूर्णच बंद झालं, खांबसुद्धा उतरवून नेला. वसंताची नोकरी गेली आणि आता तो माझ्याच क्लासात टायपिंग शिकतो. मला बरं वाटायला हवं होतं ना? पण मला आता वसंताचं काहीच वाटत नाही. मी जळतो तो त्या दुसऱ्यावर. मध्ये जहाजावरच्या वायरलेसच्या नोकरीसाठी टेस्ट दिली, साहेबांनी अर्ध्यातच थांबवलं, म्हणाले आधी शिकून या. त्या दुपारपासून माझा हात मला परत आलेलाच नाही. दुसरं स्टेशन म्हणा, कुणाची मस्करी म्हणा, आम्ही दोघांनी सगळं डोकं लावून झालं. एकही गोष्ट बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर कळवा, मी तर हरलो.

परवा दुपारी क्लासवरून डकोटा गेली. वसंताची बोटं टाईपरायटरवर थांबली, त्याने माझ्याकडे बघितलं. मी माडीच्या खिडकीशी गेलो. सुळका दिसत होता. चौकटीवर बोटाने ‘दिसतोय’ असं वाजवून बघितलं, शेवटचा डॅश आखूडच पडला. वर डकोटा वळली आणि सरळ सुळक्याच्या दिशेने निघाली.

कुणीतरी तिला सांगितलं होतं.