चुन्याच्या खोलीची किल्ली

बटाट्याचा स्टार्च काढणाऱ्या आमच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे आणि माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, सांडपाण्यावर. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. टाकीच्या नमुन्याच्या नळाशी नाक नेऊन ते सांगायचे, "पोट बिघडलंय हिचं," आणि लगेच चुन्याची पाटी ओतायचे. आंबटलेली टाकी चुन्याने ताळ्यावर येते, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. घरात दूध नासलं तरी हे चुना शोधतील, असं मी त्यांना चिडवते.

मग नवी टाकी आली. त्याच घाणेरड्या पाण्यातून जंतूंकडून हायड्रोजन काढायचा आणि त्यावर बॉयलर तापवायचा. ती उभारायला आलेल्या इंजिनिअर बाई माझ्याच वयाच्या. आवाज हळू, पण शब्द पक्का. "डॉक्टर, ही टाकी आंबटच हवी. आंबटपणा गेला की हायड्रोजन खाणारे जंतू माजतात. किती आंबट ठेवायची ते माझं यंत्र बघेल."

भावोजींनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय? हात कुठे ऐकतो!

एका सकाळी बाई साहेबांकडे गेल्या होत्या. भावोजींनी नळ उघडला, आंबूस भपकारा आला आणि विचार करायच्या आत पाटी हौदात रिकामी झाली. त्या हौदातलंच पाणी नव्या टाकीत जातं. त्यानंतर गॅस येत राहिला, पण त्यात हायड्रोजन नावाला. बाई पाइप तपासत होत्या, आपलंच गणित चुकलं म्हणून कुढत होत्या.

साहेबांनी तर बजावून ठेवलं होतं. पाहुणे पाहणीला येतील त्या दिवशी हायड्रोजन दिसला नाही, तर सांडपाण्याचं सगळं काम बाहेरच्या कंत्राटदाराला जाईल. म्हणजे भावोजी घरी. चूक सांगितली तर नोकरी जाणार, लपवली तरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. भावोजींनी हे फक्त ताईला आणि मला सांगितलं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

शेवटी ताईच कडाडली, "सांगून टाका हो! ती पोर स्वतःला बोल लावून घेतेय."

त्यांनी बाईंना सांगितलं. बाई पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. "इतके दिवस गप्प बसलात?" एवढंच म्हणाल्या. मग उठून पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या. "चला, जुन्या टाकीतला गाळ उकळू. उकळल्यावर खादाड जंतू मरतात, आपल्या कामाचे कवचात शिरून वाचतात. पुन्हा सुरुवात करू."

भावोजी तोंड फिरवून गाळ ढवळत होते. मरणारे जंतूही त्यांनीच इतकी वर्षं जगवलेले होते.

पाहणीच्या सकाळी त्यांनी चुन्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात कोंबली. "ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

आणि पाहुणे यायच्या तोंडावर त्यांचाच फोन. "किल्ली आण. पळत ये."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना..."

"अगं, वास बघ येऊन! मरतेय ती. हायड्रोजनचा काटा हलत नाहीये. बाई फाटकावर गेल्यात. आण म्हणतो ना!"

झालं! मला त्या टाकीतलं काय कळतं? आधी म्हणाले ते खरं की आता म्हणतायत ते? किल्ली दिली आणि टाकी बसली तर ताईचा संसार मी बुडवला. नाही दिली आणि टाकी खरंच मरत असली, तरी मीच. तरी मी निघाले, किल्ली घेऊनच. त्यांचा रडवेला आवाज मला ऐकवेना.

शेडमध्ये भावोजी मीटरसमोर उभे होते, दोन्ही हात काखेत दाबून. काटा जरा थरथरला आणि थांबला. पुन्हा थरथरला आणि हळूहळू वर चढू लागला. तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन बाई आत आल्या. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग भावोजींच्या काखेतल्या हातांकडे. आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

ते बसले.

"आणलीस?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"छे!"

"शहाणी आहेस गं," म्हणाले आणि डोळे पुसले.

मी हात पाठीमागे धरला होता. किल्लीचे दात तळव्यात रुतले होते.