कमरेला न दिसणारं पिस्तूल

कुवेतमधल्या सलवा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये काचेचं एक कपाट आहे. इतर बायका अशा कपाटात क्रॉकरी ठेवतात, आमच्याकडे पिस्तुलं आहेत. घाबरू नका, सगळी खेळण्यातली. नवरा एका कंपनीत अकाउंट्स बघतो. त्याने आवाज चढवलेला मी कधी ऐकलेला नाही, पण टिकल्यांचं पिस्तूल दिसलं की या माणसाचं भान सुटतं. दसऱ्याला लॅपटॉप आणि गाडीच्या किल्लीशेजारी तो हे अख्खं शस्त्रागार पाटावर मांडतो, झेंडू वाहतो, फुलाने पाणी शिंपडतो आणि मनोभावे पूजा करतो. "एकच राहिलंय गं," हे त्याचं कायमचं पालुपद. "अंगावर लपवता येईल असं छोटं. ते मिळालं की कलेक्शन पूर्ण." मी म्हणायचे, "मिळू दे, पहिली गोळी तुलाच घालते."

गेल्या वर्षी गोळी घालायची वेळ खरंच आली. इथल्या मराठी मंडळींच्या नाटकात मला काम मिळालं. लग्नाआधी मी पुण्यात स्पर्धांमधून नाटकं करायचे. कुवेतला आल्यावर नोकरी, घर, लेक यांत ते सुटलं ते सुटलंच. आता इतक्या वर्षांनी मिळालेली भूमिका म्हणजे घरातली गरीब गाय सून. शेवटच्या प्रवेशात ती कमरेचं पिस्तूल काढते, छळणाऱ्या दिराला गोळी घालते आणि शांतपणे विचारते, "चहा टाकतेय. कोण कोण घेणार?" की पडदा. त्या वाक्याला लोकांच्या अंगावर काटा यायला हवा. लोक हसले तर नाटक मेलं, आणि मीही.

घरात तालीम करून दाखवली तर दहावीतली लेक हसून लोटपोट. तिच्याशी कितीही मराठीत बोला, उत्तर इंग्रजीतच येतं. "मम्मा, यू लुक सो क्यूट विथ अ गन!" क्यूट! अस्सा संताप आला म्हणून सांगू! चूक तिचीही नव्हती म्हणा. कपाटातलं सगळ्यात लहान पिस्तूलही कमरेला खोचलं की पदराखाली दुधीभोपळा लपवल्यासारखं दिसायचं.

मग काय, नवऱ्याच्या अंगात आलं. मला घेऊन तडक फहाहीलला, त्याच्या नेहमीच्या खेळण्यांच्या दुकानात. दुकानदार रत्नागिरीकडचा, छान मराठी बोलणारा. त्याने काउंटरवर पिस्तुलं मांडली. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि एकेक खोचून बघायला लागले. चकचकीत होतं ते बसताना पोटात टोचत होतं. दुसरं वाकलं की घरंगळून खाली. तिसरं काळं, चपटं, तळहातात मावेल एवढं. ते खोचून मी स्टुलावर बसले, उठले, वाकून नसलेला चहा गाळला. नवरा माझ्याभोवती गोल फिरत तपासत होता. "डावीकडून अजिबात दिसत नाहीये!" दारात उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्या पोराला हात धरून बाहेर ओढलं.

"ताई, मारायचंय तरी कुणाला?" दुकानदाराने विचारलं.

"दिराला."

"मग हेच न्या. हात दुखायचा नाही."

नवऱ्याचा चेहरा असा फुलला होता की लग्नाच्या फोटोतही तो इतका खुश दिसत नाही.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. नवरा प्रॉपर्टी सांभाळायला विंगेत. पहिल्या घंटेआधी नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, आणि प्रॉपर्टीच्या टेबलावरच्या पिस्तुलाला याने दसऱ्यासारखं साग्रसंगीत पुजलं. हळद, कुंकू, अक्षता, वर फुलाने पाणी. टिकल्या आत भरलेल्या आहेत हे हा भला माणूस विसरला.

शेवटचा प्रवेश. मी पिस्तूल काढलं, कुणाला पत्ताही नव्हता, हॉल दचकला. घोडा ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. दीर झालेला गृहस्थ छातीवर हात घेऊन पडायला तयार, पण पडणार कशाने? मागून कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात विंगेतून आवाज आला.

"ठोऽऽऽ!"

आयुष्यात पहिल्यांदा नवरा ओरडला होता. दीर बिचारा इमानदारीत कोसळला आणि अख्खा हॉल हसून हसून फुटला.

विंगेत जाऊन त्याला बडवावंसं वाटलं. रडावंसंही वाटलं. काय करावं सुचेना, म्हणून मी काहीच केलं नाही. नुसती उभी राहिले. हाताला काहीतरी चिकट लागत होतं. पाहिलं तर ओलं कुंकू, तळवा लालभडक. मी लोकांकडे बघत बघत तो हात पदराला पुसला, सावकाश, पोळ्या लाटून झाल्यावर पुसते तसा. हसणं विरळ झालं. मग थांबलं. एसीची घरघर ऐकू यायला लागली.

"चहा टाकतेय," मी म्हटलं. "कोण कोण घेणार?"

पडदा पडला तरी टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला.

परतताना गाडीत मी नवऱ्याची यथेच्छ हजेरी घेतली. "टिकल्यांना आंघोळ घातलीस? अक्कल काय गहाण टाकली होतीस?" तो सॉरी सॉरी म्हणत गाडी चालवत होता. लेक मागे बसली होती, हातात फोनही नव्हता.

"आई," ती म्हणाली. मम्मा नाही, आई. "तू तो हात पुसलास ना, तेव्हा मला खरंच भीती वाटली तुझी."

मी मागे वळले. "क्यूट नाही वाटले?"

"छे गं," ती म्हणाली. मग मात्र मला रडूच फुटलं.