उन्हासाठी बांधीन, माणसांसाठी नाही: जबलपूर ते घुघवा

माझं सगळं बदललं ते एका स्किनच्या दवाखान्याबाहेर, कडुलिंबाखाली, रेणूचा हात स्कार्फच्या गाठीवर थांबला त्या क्षणी.

जबलपूरला उन्हाळ्यात आला असाल तर हा स्कार्फ तुम्ही पाहिलाच असेल. मार्च संपला की आमच्या शहरातल्या पोरी दिसायच्या बंद होतात. स्कूटीवर नुसते डोळे फिरतात. डोक्यापासून गळ्यापर्यंत सुती स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, वरून गॉगल. सख्खा भाऊ सिग्नलला शेजारी उभा राहिला तरी बहिणीला ओळखत नाही. आणि खरं सांगू? माझ्यासारख्यांचं प्रेम या स्कार्फच्याच भरवशावर चालते. दोन उन्हाळे, दोन हिवाळे रेणू माझ्या गाडीवर मागे बसली. सुमितच्या मागे एक पोरगी असते, हे आमच्या अख्ख्या घमापुर मोहल्ल्याला ठाऊक होतं. कोणती, ते कोणालाच नाही.

तर दवाखाना. रेणूच्या काकूनं तिला उजळ करायचा विडा उचलला होता. पोरगी सावळी, स्थळं यायचे दिवस, म्हणून दुकानातून एक बिनानावाची ट्यूब आणली आणि रोज रात्री लावायला लावली. महिनाभर चेहरा खरंच उजळ दिसला, सगळे खूष. मग गालाची कातडी पातळ झाली, लाल पडली, ऊन लागलं की मिरची चोळल्यासारखी आग. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. यात स्टिरॉइड आहे, म्हणाल्या, ही अशी मनानं लावायची नसते. तिची औषधं वेगळी लिहून दिली, आणि मग दोघांनाही बसवून सांगितलं: ऊन टाळा, अंग झाका, सनस्क्रीन लावा. माझ्या नाकाची सालटं निघत होती, ती त्यांनी न विचारता पाहिली होती.

बाहेर आलो. रेणूनं सवयीनं पर्समधून स्कार्फ काढला, डोक्यावर घेतला, आणि गाठीशी थांबली.

"सुमित, आपण सावलीत आहो ना?"

"हो."

"मग मी हे काहून बांधून राहिली?"

समोरून दोन-तीन ओळखीचे लोक येत होते. त्यांच्यासाठी बांधत होती. तिला कळलं, मलाही कळलं.

"आजपासून उन्हात बांधीन," ती म्हणाली. "सावलीत सोडीन. माणसं पाहून बांधणार नाही. आणि ज्या दिवशी तू कोणाला पाहून मला 'बांध' म्हणशील ना, त्या दिवशी मी तुझ्या गाडीवरून उतरली समज."

मी म्हटलं, चलो, मग शहराबाहेर एखादी लांब चक्कर मारू, पाहू जमते का. म्हणून घुघवा, जीवाश्मांचं पार्क.

निघायच्या आधी

मेडिकलवाल्याकडे सनस्क्रीन मागितलं.

"भैया, दीदी के लिए?"

"मेरे लिए."

"अच्छा, तो जेंट्स वाला दूँ? हफ्ते भर में रंग साफ."

माझं डोकं सटकलं. "सूरज के पास जेंट्स-लेडीज का अलग काउंटर है क्या?" असं म्हणून साधं, एसपीएफ तीसच्या वरचं, चेहऱ्यावर पांढरं न उरणारं घेतलं. तुम्हीही तेच घ्या. आपल्या रंगावर काही ट्यूबा भिंतीला चुना मारल्यासारख्या दिसतात, मग पोरं लाजून लावतच नाहीत. आधी हाताच्या पाठीवर लावून पाहा. दुकानदार काय वाट्टेल ते म्हणो, सनस्क्रीन गोरं करायला नसते. गोरं करते असं जी ट्यूब म्हणते तिला दुकानातच ठेवा.

शनिवारी पहाटे आईला सांगितलं, दोस्तांबरोबर चाललो. तिनं खिशात कांदा टाकला. आमच्याकडे उन्हाळ्यात कांद्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही, लू लागू नये म्हणून. डॉक्टरीणबाई यावर हसतील, पण आईपुढे डॉक्टर चालत नाही.

कुंडमपर्यंत

उजाडता उजाडता रेणूला तिच्या मोहल्ल्याच्या, कांचघरच्या वळणावरून घेतलं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे सगळं नीटनेटकं. तिनं मला गाडीवरून उतरवलं आणि ट्यूब काढली.

"दोन बोटं भरून घे. तू जेवढं घेऊन राहिला तेवढ्यात एक कान होते."

चेहरा, मान, कान, हाताची पाठ, ओठांना बाम. गाडीवाल्यांनो, मानेची मागची बाजू आणि हाताची पाठ विसरू नका, सगळ्यात जास्त तीच भाजते. ऊन चढायच्या आधी लावा, मुरायला पंधरा मिनिटं द्या, आणि दर दोन तासांनी किंवा घाम पुसला की पुन्हा. पूर्ण बाहीचा सुती शर्ट घाला, हेल्मेट दोघांनाही. नुसती ट्यूब लावून दिवसभर उन्हात फिरायचं असं नाही, आधी कापड आणि सावली.

रांझी मागे पडली, बाबांच्या फॅक्टरीच्या लांबच लांब भिंती संपल्या, आणि रस्ता एकदम मोकळा झाला. रस्ता चांगला आहे, पण वळणावर ट्रक अंगावर येतात आणि सकाळी गुरं मधोमध बसलेली असतात. जंगल सुरू झालं तसा मोहाचा वास आला, गोड आणि थोडा आंबूस. बाया टोपल्या घेऊन झाडाखाली फुलं वेचत होत्या, डोक्यावरून पदर कपाळाच्या पुढे ओढून, चेहऱ्यावर बरोबर सावली पडेल असा.

कुंडमला बसस्टँडजवळ टपरीवर थांबलो. गरम मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, हिरवी चटणी, चहा. दोघांचं पोट शंभराच्या आत भरते. ताडपत्रीची गार सावली होती. रेणूनं हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला, आणि तोंड उघडं ठेवून मंगोडा खाल्ला. हे वाचायला एवढंसं वाटेल. मी तिला दोन वर्षांत बाहेर, चार लोकांत, असं खाताना पहिल्यांदा पाहत होतो. स्कार्फच्या आतून घास कोंबत खायची ती.

शेजारी कढईत खव्याची जिलेबी तळली जात होती, आमची जबलपुरी, गडद काळपट. रेणू म्हणाली, "पाहा, आपल्या शहराला जिलेबी काळी चालते. पोरगीच चालत नाही."

मी हसलो, आणि हसता हसताच थांबलो. टपरीसमोर जीप उभी राहिली आणि तिच्यातून बोरकर काका उतरले. बाबांच्या सेक्शनमधले, आमच्या गल्लीतले, अख्ख्या घमापुरचं वार्तापत्र.

"अरे सुमित! तू इकडे काहून?"

काकांची नजर माझ्यावरून रेणूवर गेली. मी रेणूकडे पाहिलं. स्कार्फ तिच्या मांडीवर होता. तिचा हात मंगोड्यावर होता, तिथेच राहिला. तिनं काकांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

तुम्हाला सांगतो, 'बांध' हा शब्द किती लहान आहे. डोळ्यांनी पण म्हणता येते.

"काका," मी म्हटलं, "ही रेणू. कांचघरची. माझी..." इथे शब्द सापडेना. मैत्रीण म्हटलं तर खोटं, दुसरं काही म्हटलं तर तसं अजून ठरलं नव्हतं. "माझी रेणू," म्हणून टाकलं.

"नमस्ते काका," रेणू म्हणाली. "मंगोडे घ्या, गरम आहेत."

"अच्छा... अच्छा," काका म्हणाले. मंगोडा घेतला, खाल्ला, आणखी एक घेतला. मग माझ्याकडे नीट पाहून, "आणि तुह्या कानाला काय लागलं बे? पुट्टी?"

जीप गेल्यावर रेणूनं तिच्या रुमालानं माझा कान पुसला. उन्हात निघताना मात्र स्कार्फ घट्ट बांधला आणि पूर्ण वाट माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली.

घुघवा

शहपुऱ्याच्या थोडं पुढे आहे घुघवा. मोठा बोर्ड, छोटं गेट, नाममात्र तिकीट. आत जे आहे ते पाहायला खास वेळ काढून या. झाडं आहेत, पण दगडाची. करोडो वर्षांपूर्वीचं जंगल दगड होऊन पडलं आहे, खोडाची वलयं जशीच्या तशी, पानांच्या शिरा सुद्धा. बोट फिरवलं तर सालीचा खरखरीतपणा लागतो, आणि थंडगार असते.

पाणी आणि डबा बरोबर न्या, आत काही मिळेल या भरवशावर राहू नका. शक्यतो सकाळी दहाच्या आत फिरून घ्या. भर दुपारी आम्ही मोठ्या झाडाच्या सावलीत बसलो, पोळी आणि झुणका खाल्ला, पुन्हा चेहरा-मान-हात केले. रखवालदार काका हे सगळं पाहत होते.

"बेटा, तुम भी लगाते हो?"

"हाँ दादा. आप भी लगाओ."

त्यांनी करंगळीवर घेतलं, वास घेतला, आणि मिशीला लावलं. रेणू इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिच्या गालावर एक लाल डाग अजून होता. ती म्हणाली, "सुमित, आता घरी कळेल. तुझ्या पण, माझ्या पण. तू काय करशील?"

"येईन तुमच्या घरी."

"रात्री गल्लीच्या तोंडाशी?"

"दिवसा. दारातून."

"मी वाट नाही पाहणार," ती म्हणाली. मला माहीत आहे, ती पाहणार होती.

उन्हं कलल्यावर निघालो, अंधार पडायच्या आत जबलपूर. रस्त्यात जनावरं येतात, रात्रीचा प्रवास टाळा.

घरी

त्या रात्री चेहरा साध्या फेसवॉशनं धुतला, मॉइश्चरायझर लावलं. उन्हातून आल्यावर लिंबू-बिंबू चोळू नका, आग होते, डाग पडतात. आरशात पाहिलं. अख्खा दिवस रस्त्यावर काढूनही नाक भाजलं नव्हतं. पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी बोरकर काका चहाला येऊन गेले. दुपारी बाबांनी मला बैठकीत बोलावलं.

"कोण होती ती काळी पोरगी?"

"रेणू. लॅबमध्ये काम करते. काळी नाही, सावळी. आणि काळी असती तरी रेणूच."

"कॉलेज सोडलं, आता लाज पण सोडून राहिला तू?"

उत्तर दिलं असतं तर ते माझ्या तोंडून फार गरम निघालं असतं. त्याऐवजी कपाटावरची ट्यूब घेतली आणि आरशासमोर उभा राहिलो. दोन बोटं. कपाळ, गाल, नाक.

"हे काय चालवलं? मी तीस वर्षं उन्हात सायकल चालवली. काही झालं मले?"

बाबांची मान मी लहानपणापासून सायकलच्या मागच्या सीटवरून पाहत आलो आहे. नदीकाठच्या सुकल्या चिखलासारखी, चौकोन चौकोन भेगा. "झालं, बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला मागून दिसत नाही." त्यांचा हात मानेवर गेला आणि तिथेच राहिला.

आता पंचाईत अशी की ही गोष्ट मुरायला पंधरा मिनिटं लागतात. तावातावानं निघून जायचं आणि आधी खुर्चीत बसून वाळायचं, असा माझा अवतार. बसलो. तेवढ्यात फोन वाजला. रेणूचा मेसेज: *इथे पण पोचली बातमी. काकू रडून राहिली. मी ओसरीत आहे, सावलीत. तोंड उघडं.*

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. आवाज अगदी हळू. "अरे, निदान तोंड तरी बांधून बसली असती. कोणाला कळलं असतं काय?"

"सावली होती, आई."

"म्हणजे?"

"टपरीवर सावली होती. ऊन नव्हतं. काहून बांधेल ती?"

घुघव्यातून मी काय आणलं असं कोणी विचारलं तर दगडाचं पान आणता येत नाही, मनाई आहे. 'सावली होती', हे एवढंच वाक्य मी आणलं आहे, आणि ते मला घरात खर्च करावं लागलं.

नाकाला बोट लावून पाहिलं. चिकटत नव्हतं. पूर्ण बाहीचा शर्ट चढवला, गळ्यात गमछा टाकला, हेल्मेट घेतलं, तिच्यासाठीचं दुसरंही घेतलं.

"एवढ्या उन्हात कुठे निघाला?" बाबा.

"कांचघर. रेणूच्या बाबांना भेटायला."

"सुमित, या दारातून गेला तर..."

वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही, कारण मधे आई आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. टोपलीतून कांदा उचलला, माझ्या खिशात कोंबला आणि परत आत गेली.

बाहेर गल्ली पांढरीफटक तापली होती, चिटपाखरू नव्हतं. गमछा डोक्यावरून घेतला, मानेवर नीट ओढला, तोंड उघडं ठेवलं. मागे वळलो आणि दार बाहेरून ओढून घेतलं.